पळीभर दूध, साडेचार तासांचं अंतर

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. घरचे गणपती बोळवून दोन आठवडे होत आले होते. आमच्या वाड्यात फोन एकच, घरमालकांच्या ओटीवर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. सकाळी साडेदहाच्या सुमारास तो वाजला. मालकीणकाकूंनी उचलला, "अगं बाई!" एवढंच दोनदा म्हणाल्या आणि फोन ठेवून तडक स्वयंपाकघरात गेल्या. ठाण्याच्या नणंदेनं कळवलं होतं: गणपती दूध पितोय. दिल्लीत पहाटेपासून पितोय. तुमच्याकडेही पिईल, करून बघा.

माझी शाळा दुपारची, त्यामुळे मी घरीच होतो. आमच्या देव्हाऱ्यातला गणपती पितळेचा, चार बोटं उंच. आजीनं त्याला रोजच्यासारखं ताम्हणात घेतलं, पळीत काठोकाठ दूध भरलं आणि पळी सोंडेला टेकवली. मी तेरा वर्षांचा, नाक जवळजवळ पळीला लावून उभा. पळीतलं दूध हळूहळू कमी होत गेलं. खरंच गेलं. आजीचा हात थरथरत होता, पण तो रोजच थरथरायचा. पळी रिकामी झाल्यावर मी ताम्हणात पाहिलं. तळाशी दूध होतं.

"आजी, हे बघ, खाली आलंय."

आजीनं पाहिलं, मान डोलावली. "पिऊन उरलं ते. तीर्थ आहे." आणि माझ्या तळहातावर घातलं.

पुढे मी समाजशास्त्र शिकवायला लागलो. धर्म आणि श्रद्धाव्यवस्था हा भाग आला की दरवर्षी सुरुवात त्या ताम्हणापासून करतो. मुलं हसतात. हसू ओसरलं की विचारतो, आजीला दूध दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. मग ती खोटं बोलली का? नाही. मग काय झालं? इथे वर्ग गप्प होतो, आणि या प्रकरणाला खरी सुरुवात होते.

एका दिवसाचा चमत्कार

घटना थोडक्यात अशी. दक्षिण दिल्लीतल्या एका देवळात पहाटे उजाडायच्या आत कुणीतरी गणपतीच्या मूर्तीला चमच्यानं दूध देऊ केलं आणि ते नाहीसं होताना पाहिलं. सकाळचे नऊ-दहा वाजेपर्यंत उत्तर भारतातल्या देवळांपुढे रांगा लागल्या. दुपारी ही बातमी नेपाळ, दुबई, ब्रिटन आणि पुढे कॅनडा-अमेरिकेपर्यंत गेली. दिल्लीत मोठ्या देवळांच्या आसपासची वाहतूक रात्री उशिरापर्यंत तुंबली होती. दिल्लीत दुधाची विक्री तीस टक्क्यांहून जास्त वाढल्याचा आकडा तेव्हाच्या बातम्यांत आला होता. लंडनच्या साउथॉल भागातल्या विश्व हिंदू मंदिरापुढे दिवसभरात हजारो माणसं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हे सगळं ओसरलं. एखाद्या देवळात चालू राहिलं असेल तेवढंच.

हे ओसरणं मला सुरू होण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. चमत्कारांभोवती सहसा काहीतरी उभं राहतं. एखादा मठ, एखादा बाबा, दरवर्षीचा उत्सव, निदान दानपेटी. इथे काहीच उभं राहिलं नाही. कुणी गुरू मधे नव्हता, कसला संदेश नव्हता, देवानं काही मागितलं नव्हतं. पळी, दूध आणि मूर्ती, तिन्ही गोष्टी घरच्याच. म्हणून तर हे इतक्या वेगानं पसरलं आणि तितक्याच वेगानं विरूनही गेलं.

दूध जातं कुठे

हे आधी उरकून घेतलेलं बरं. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. पळी काठोकाठ भरली की दूध काठाच्या किंचित वर फुगून राहतं. तो फुगवटा ओल्या दगडाला किंवा धातूला टेकला की दूध त्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पातळ थरानं खाली ओघळायला लागतं. एकदा ती धार धरली की मागचं दूध ओढलं जातं. पातळी उतरते तसा धरणाऱ्याचा हात नकळत पळी कलती करतो. मूर्ती अभिषेकानं आधीच ओली असेल तर काम आणखी सोपं होतं. पांढऱ्या संगमरवरावरून पांढऱ्या दुधाचा केसाएवढा पातळ पापुद्रा उतरताना डोळ्याला दिसत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दुधात खायचा रंग मिसळला तेव्हा तो मूर्तीच्या पुढच्या बाजूनं खाली येताना स्पष्ट दिसला. गणपतीच का, याचंही निम्मं उत्तर मूर्तीच्या घडणीत आहे. पळीचा काठ टेकवायला सोंडेइतकी सोयीची जागा दुसऱ्या देवांकडे नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतं ते एका चांभाराचं. 'आज तक' तेव्हा चोवीस तासांची वाहिनी नव्हती. त्याच वर्षी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरू झालेलं ते वीस मिनिटांचं बातमीपत्र होतं आणि सुरेंद्र प्रताप सिंह ते सादर करायचे. त्यांनी त्या दिवशी पडद्यावर चांभाराची चपला ठोकायची लोखंडी ऐरण दाखवली. तिला दूध पाजलं, आणि तीही प्यायली.

त्या ऐरणीत काय होतं ते नीट बघायला हवं. 1995 ची बातमी म्हणजे नुसती अफवा नव्हती, ती कृतीसकट आलेली अफवा होती. 'तिकडे असं झालं' यावर ती थांबत नव्हती. 'असं करा, तुमच्याकडेही होईल' असं सांगत होती. म्हणजे तिचा साचा प्रयोगाचा होता: कृती ठरलेली, साहित्य सोपं, निकाल कुठेही मिळणारा. लोकांनी ऐकून विश्वास ठेवला, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी करून पाहिलं आणि मग विश्वास ठेवला. "मी स्वतः पाहिलं" हे वाक्य त्या आठवड्यात मी बँकेतल्या साहेबांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं, आणि सगळे खरंच बोलत होते. त्या प्रयोगात एकच गोष्ट राहून गेली होती. जे देव नाही, त्यालाही तेच दूध पाजून पाहणं. ते काम त्या ऐरणीनं केलं. सवर्ण घरात उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या वस्तूनं ते केलं, याचीही नोंद घेऊन ठेवावी.

लंडनचा फोन

माझे वडील एसटी डेपोत हेडक्लार्क होते. देवपूजा आजीकडे आणि आईकडे, ते सणापुरते हात जोडणार. त्या संध्याकाळी घरी आल्यावर सगळं ऐकून ते "वेडेपणा" एवढंच म्हणाले आणि पेपर उघडून बसले. सहाच्या सुमारास घरमालकांकडे पुन्हा फोन वाजला. त्यांचा पुतण्या लंडनला होता. तो नेहमी दिवाळीला आणि कुणी गेलं तरच फोन करायचा, कारण मिनिटाचे पैसे मोजावे लागत. तो सांगत होता की इथेही पितोय, देवळापासून कोपऱ्यापर्यंत रांग आहे, गोरे पत्रकार आलेत.

वडिलांनी पेपर खाली ठेवला. हात-पाय धुतले. काही न बोलता देव्हाऱ्यापुढे जाऊन आईकडे पळी मागितली.

हा क्षण मी पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला आहे. शेजारच्या घरात पाच बायकांनी पाहिलेलं त्यांना पुरेसं वाटलं नाही. स्वतःच्या आईनं पाहिलेलंही नाही. लंडनहून आलेला शब्द मात्र पुरला. पुतण्याला काही जास्त कळत होतं म्हणून नव्हे. "लंडनमध्येही" या शब्दांत असा एक अर्थ होता की आता हे आपल्या गल्लीचं खूळ उरलेलं नाही.

ब्रिटनमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती, त्यामुळे भारताचं घड्याळ त्यांच्यापुढे साडेचार तास होतं. दिल्लीत भर दुपार झाली तेव्हा लंडनमध्ये माणसं सकाळचा चहा घेत होती. बातमी सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे निघाली होती. प्रत्येक शहर जागं होताना ती तिथे हजर, आणि प्रत्येक शहराकडून 'इथेही' असा निरोप उलटा येणार. त्या निरोपानं मूळ गावातला विश्वास पक्का होणार. म्हणजे दिल्लीची श्रद्धा लंडनला गेली आणि तिथून दुप्पट होऊन आमच्या वाड्यात परत आली. जागतिकीकरण म्हणजे पश्चिमेकडून आपल्याकडे येणारा माल, अशी आपली तेव्हा समजूत होती. कोला आणि कोंबडीच्या दुकानांवर वाद चालले होते. त्याच वर्षी बंगळुरात केएफसीचं पहिलं दुकान उघडलं आणि त्याच्या विरोधात आंदोलनं झाली. याच वर्षी उलट्या दिशेनं काय जात होतं याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. लंडनच्या नीसडन भागात ऑगस्ट 1995 मध्ये भलंमोठं संगमरवरी स्वामिनारायण मंदिर उघडलं होतं. ब्रिटनमधल्या हिंदूंत पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती पुष्कळ. इदी अमीननं 1972 साली युगांडातून हाकललेली कुटुंबं त्यांतलीच. दोनदा मुळं उपटलेल्या या माणसांना देवळाची गरज आपल्यापेक्षा वेगळी आणि जास्त होती. आपल्याला देऊळ रस्त्यात लागतं, त्यांना ते बांधावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स म्हणतात की आधुनिक काळात सामाजिक संबंध ठिकाणापासून सुटे होतात आणि दूरच्या घटना इथलं जगणं घडवायला लागतात. हे वाक्य परीक्षेत पाठ करून लिहिलं जातं. मला त्याचा अर्थ क्रोशाच्या रुमालाखालच्या फोननं समजावला. आणि तंत्रज्ञान तरी केवढंसं! मोबाइल देशात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. 31 जुलैला कोलकात्याहून पहिला अधिकृत कॉल झाला होता. इंटरनेट 15 ऑगस्टला लोकांसाठी खुलं झालं, पण आमच्या गावात तो शब्दही पोचला नव्हता. शंभर माणसांमागे जेमतेम एक फोन. बाकीची भिस्त बाहेरगावी आणि परदेशी फोन लावून देणाऱ्या, पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी बूथवर. एवढ्या विरळ जाळ्यावरून दिवसाभरात पृथ्वीला वळसा पडला. जाळं विरळ होतं म्हणूनच पडला, असंही मला कधीकधी वाटतं. आयएसडीचे पैसे मोजून आलेली बातमी हलकी कशी असेल?

कावळा का शिवला नाही

इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानवशास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात दक्षिण सुदानातल्या आझांदे लोकांमध्ये राहून चेटूकविद्येचा अभ्यास केला. त्यात धान्याच्या कोठाराचं उदाहरण आहे. उन्हात लोक कोठाराच्या सावलीला बसतात. कधीतरी खांब वाळवीनं खाल्लेले असतात आणि कोठार कोसळून खालचा माणूस दगावतो. आझांदे लोकांना वाळवी चांगली ठाऊक असते. ते विचारतात ते वेगळंच: कोठार पडायचंच होतं तर ते नेमकं याच वेळी, याच माणसावर का पडलं? तिथे त्यांचं उत्तर चेटूक हे असतं. कसं पडलं ते वाळवी सांगते, का पडलं ते सांगत नाही.

यासाठी सुदानला जायला नको. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवला नाही तर काय होतं? 'कावळा पिंडाला शिवतो' हे खोटं ठरलं असं कुणी म्हणत नाही. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल म्हणतात. मग थोरला मुलगा पुढे होऊन मोठ्यानं सांगतो की धाकटीचं लग्न मी करून देईन, आईला अंतर देणार नाही. तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून तो शिववतात आणि विधी पुरा होतो. मी हे नदीकाठी उभं राहून अनेकदा पाहिलं आहे. कावळा आला तर पुरावा, नाही आला तर आणखी मोठा पुरावा. शिवाय गेलेल्याच्या मागे राहिलेल्यांना चारचौघांत एक वचन द्यावं लागतं, ते वेगळंच. या व्यवस्थेला बंदिस्त म्हणून मोकळं होता येतं. पण ती बंदिस्त असून कामाची आहे, हे कळलं नाही तर काहीच कळलं नाही.

आजीचं "पिऊन उरलं ते तीर्थ" हे याच जातीचं उत्तर. नैवेद्य आपण रोज दाखवतो. देव तो खातो असं मानतो आणि ताटातला कण कमी झालेला नसतो, हेही रोज पाहतो. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. वाटली असती तर प्रसाद ही वस्तूच नसती. ताम्हणातलं दूध आजीच्या लेखी पुराव्यात बसत होतं. तिथे केशाकर्षण, म्हणजे द्रव पृष्ठभागाला चिकटून आपोआप ओढला जाणं, समजावायला जाणारा माणूस तिनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होता.

शिवाय मराठी घरात ही गोष्ट नवी नव्हतीच. बाळ नामदेव नैवेद्य घेऊन विठ्ठलापुढे बसला, देव खाईना म्हणून हटून बसला आणि शेवटी देवाला खावंच लागलं, ही कथा कीर्तनात ऐकली नाही असं मूल आमच्या पिढीत विरळा. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची पदं आहेत. देव त्यांच्या हातून दूध पितो, असं त्यातल्या एका पदात आलं आहे. म्हणजे पंढरपूरचा पोर आणि दुधाची वाटी यांचा दिल्ली-पंजाबकडे शेकडो वर्षांचा परिचय होता. 21 सप्टेंबरला लोकांना काही अनोळखी दिसलं नाही. वर्षानुवर्षं ऐकलेलं एकदाचं आपल्याही घरी झालं.

समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांचा मुद्दा असा की कुठलीही श्रद्धा एकट्याच्या डोक्यात टिकत नाही, ती खरी वाटावी म्हणून आजूबाजूला तसं मानणारी, तसं बोलणारी माणसं लागतात. 1960 च्या दशकात त्यांचा असा अंदाज होता की आधुनिकता वाढेल तसा हा आधार ढासळेल आणि धर्म लहानसहान गटांपुरता उरेल. पुढे त्यांनीच हे मत जाहीरपणे मागे घेतलं. समाजशास्त्रात असा प्रामाणिकपणा कमी सापडतो. 1995 च्या त्या गुरुवारी तर आधुनिकतेच्याच तारांनी एका दिवसापुरता तो आधार पृथ्वीभर उभा केला होता.

मग मूलतत्त्ववाद कुठे आला?

वर्गात या टप्प्यावर कुणीतरी हमखास विचारतं, हाच मूलतत्त्ववाद ना? नाही. आणि तो का नाही, यातच या प्रकरणाचा सगळ्यात उपयोगी भाग आहे.

हा शब्द जन्मला अमेरिकेत, प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये. 1910 ते 1915 या काळात धर्माची मूलतत्त्वं सांगणाऱ्या पुस्तिकांची मालिका तिथे निघाली. एका तेल कंपनीच्या मालकाच्या पैशानं तिच्या लाखो प्रती पाद्री आणि धर्मशिक्षकांना टपालानं फुकट गेल्या. बायबलचा शब्दन् शब्द खरा, बाकी सगळी आधुनिक भेसळ, हा त्यांचा सूर. स्वतःला मूलतत्त्ववादी म्हणवून घेण्याची प्रथा 1920 पासूनची. आरंभीच तेलाचा पैसा, छापखाना आणि टपाल होतं, हे लक्षात घेतलं तर 'जुन्याकडे परत जाणं' हे किती नव्या साधनांनी चालतं ते दिसतं. ग्रंथ एक, अर्थ एक, आणि तो न मानणारा बाहेरचा. या तीन गोष्टी जमल्या की मूलतत्त्ववाद. चमत्कार त्यात असेलच असं नाही. उलट तो चमत्काराच्या मुळावरही उठतो.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. 1985 च्या उन्हाळ्यात कॉर्क परगण्यात बॅलिनस्पिटल या खेड्याबाहेरच्या कपारीतली मेरीमातेची मूर्ती हलताना काही जणींना दिसली. पुढे काही आठवडे हजारो माणसं संध्याकाळी तिथे येऊन जपमाळ ओढत उभी राहत. कॉर्कच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी खुलासा केला की कातरवेळी दिव्यांच्या वलयाकडे एकटक पाहताना पाहणाऱ्याचंच शरीर डोलतं आणि मूर्ती डोलल्यासारखी वाटते. भाविकांना त्यानं फरक पडला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या मूर्तीचा चेहरा हातोड्यांनी फोडला गेला. फोडणारे नास्तिक नव्हते. मूर्तिपूजा हे पाप आहे, असं बायबलच्या आधारे मानणारे कट्टर ख्रिश्चन होते.

आता हेच आपल्याकडे लावून पाहा. हिंदूंमध्ये 'एका ग्रंथाकडे परत चला' असं सर्वांत ठणकावून सांगणारी चळवळ म्हणजे आर्य समाज, 1875 साली आपल्या मुंबईतच स्थापन झालेला. त्याचे संस्थापक स्वामी दयानंद यांची जी कथा सांगतात ती गुजरातेतल्या टंकारा गावच्या शिवरात्रीची आहे. जागरणाला बसलेल्या मुलाला पिंडीवर उंदीर फिरताना आणि नैवेद्य खाताना दिसला आणि त्याचा मूर्तीवरचा विश्वास उडाला. म्हणजे मूलतत्त्ववादाच्या व्याख्येच्या सगळ्यात जवळ जाणारा हिंदू पंथ त्या गुरुवारी म्हणाला असता की दगड दूध पीत नसतो! स्टीव्ह ब्रूससारखे अभ्यासक म्हणतात की मूलतत्त्ववाद एकेश्वरी, एकग्रंथी धर्मांत सहज रुजतो. हिंदू धर्मात शेकडो ग्रंथ आणि कोट्यवधी देव असल्यानं तो तसाच्या तसा बसत नाही. मला हे निम्मं पटतं. ग्रंथ एक नसेल, पण झेंडा एक करता येतो.

आणि दुधाच्या बाबतीत ते करायचा प्रयत्न झालाच. विश्व हिंदू परिषदेनं हा चमत्कार असल्याचं जाहीर केलं. काळ लक्षात घ्या. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पडली, पाठोपाठ मुंबईतल्या दंगली, मार्च 1993 चे बॉम्बस्फोट. 1995 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं होतं. अशा हवेत आजीच्या ताम्हणातल्या तीर्थाचं 'हिंदू जागा झाला' याच्या पुराव्यात रूपांतर व्हायला एक पत्रक पुरतं. मूलतत्त्ववाद पळीपाशी सुरू होत नाही. पळीत काय घडलं याचा एकच अर्थ ठरवायचा हक्क कुणीतरी स्वतःकडे घेतं, आणि तो अर्थ न मानणाऱ्याला आपल्यातला नाही म्हणतं, तिथे तो सुरू होतो. 1995 साली हे पत्रकापलीकडे फार गेलं नाही. मालकीणकाकूंनी दूध पाजलं, वडिलांनी पाजलं, समोरच्या पेंटरनं "सगळं थोतांड" म्हणून सांगितलं, आणि रात्री तिघं एकाच ओटीवर पान खात बसले. पेंटरला कुणी काही म्हणालं नाही.

म्हणून 20 ऑगस्ट 2013 ची सकाळ मी या प्रकरणाला जोडून शिकवतो. पुण्यात फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. अंधश्रद्धेविरुद्धच्या ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर लगेच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. आमच्या ओटीवर पान खाणाऱ्या पेंटरपासून इथपर्यंत अठरा वर्षं. या अठरा वर्षांत लोकांची श्रद्धा वाढली की घटली, हा प्रश्न मला गौण वाटतो. 'नाही' म्हणणाऱ्याला ओटीवर बसू देण्याची सवय कुठे गेली, ते शोधायला हवं. श्रद्धाळू आणि विवेकवादी, दोन्ही बाजूंना एकमेकांशिवाय चैन पडेनासं झालं, हे त्यातलं एक कारण असेल. विवेकवाद्यांनीही प्रत्येक ताम्हण म्हणजे शत्रूचा तळ असं धरून चालणं सोयीचं मानलं, असं म्हटलं तर मित्र रागावतात. रागावू देत. गोळी झाडणारे आणि रागावणारे यांना एका मापानं मोजत नाही मी, हे त्यांनाही ठाऊक आहे.

दुसऱ्यांदा

2006 च्या ऑगस्टमध्ये मी मुंबईत होतो. 18 तारखेला माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची बातमी फुटली. लोक गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीनं ते पीत होते, मुलांना पाजत होते, प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून घरी नेत होते. मुंबईचं सांडपाणी आणि मिठी नदी जिथे समुद्राला मिळते ती ही जागा. पिऊ नका म्हणून महापालिका विनवत होती. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगतं, वगैरे खुलासे आले. दोन दिवसांत उत्तरेकडून पुन्हा मूर्ती दूध प्यायला लागल्याच्या बातम्या सुरू झाल्या.

या वेळी वृत्तवाहिन्या चोवीस तास चालू होत्या. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात रांग आणि उजव्या अर्ध्यात शास्त्रज्ञ, खाली पट्टी सरकते आहे. 1995 साली ऐरण दिसायला दिवस सरावा लागला होता. आता चमत्कार आणि त्याचा खुलासा एकाच वेळी आणि जाहिरातींच्या मधे येत होता. लंडनचा फोन मात्र या वेळी कुणाला आला नाही, निदान आमच्या ओळखीत. मिनिटाचे पैसे मोजायचे दिवस सरत आले होते, आणि फुकटात आलेल्या निरोपाला ते वजन उरलं नव्हतं.

आजी त्याआधीच गेली होती. देव्हारा आईकडे आला होता. रात्री तिचा फोन आला.

"पितोय म्हणे परत. बघितलंस का टीव्हीवर?"

"बघितलं. तू केलंस का?"

"केलं की."

"मग?"

"प्यायला," आई म्हणाली. "ताम्हण आधीच खाली धरलं होतं."